हरभरा न येणारं रान

"सर सध्या काय करतात?" असं कुणी विचारलं की आमच्या घरातून एकच उत्तर जातं, "सोलरच्या प्लेटा बसवतात." मी अजून एकही प्लेट बसवलेली नाही. बीडच्या आयटीआयमध्ये तीस वर्षं वायरमनचा ट्रेड शिकवला, पण माझे गुडघे आता शिडीवर चढायला राजी नाहीत. मी माणसं तयार करतो. ती माणसं आपापल्या वस्तीत सौर प्रकल्प उभा करतात. हे एवढं लांबलचक बायकोला सांगत बसावं लागतं, म्हणून तिनं प्लेटांवर भागवलं आहे.

निवृत्तीनंतर एका संस्थेनं बोलावलं. काम असं होतं: केज आणि नेकनूरच्या बाजूच्या गरीब वस्त्यांमध्ये सगळ्यांच्या मालकीचे सौर प्रकल्प करायचे, आणि ते बाहेरच्या ठेकेदारानं ठरवायचे नाहीत, वस्तीतल्याच लोकांनी ठरवायचे. जागा त्यांनीच शोधायची, कुणाला किती वीज हे त्यांनीच ठरवायचं, ग्रामसभेचा ठराव, वीज कंपनीचा अर्ज, पुढची देखभाल, सगळं त्यांनीच. मी शिकवायचं.

आता हे सगळ्यांचं मिळून का, प्रत्येकाच्या घरावर एकेक प्लेट का नाही, असं वाचकांना वाटेल. ज्यांच्या घरावर स्लॅब आहे त्यांना ते जमतं. आमच्या वस्तीवरची घरं पत्र्याची, त्यातले निम्मे पत्रे दगड ठेवून धरलेले. वळवाच्या वाऱ्यात पत्रा प्लेटेसकट केजला पोहोचायचा. म्हणून एका मोकळ्या जागी सगळ्यांच्या प्लेटा एकत्र लावायच्या, तयार झालेली वीज कंपनीच्या तारेत सोडायची, आणि ठरल्याप्रमाणे तिचे युनिट प्रत्येक घराच्या बिलातून वजा करून घ्यायचे. गावकीच्या विहिरीसारखं. विहीर एक, घागरी आपापल्या.

माझी पहिली तुकडी बावीस जणांची. वर्ग भरायचा केजला, बाजारपेठेच्या मागच्या एका हॉलमध्ये. बहुतेक सगळे एकाच गावाच्या एका वस्तीतले. त्या वस्तीतली निम्म्याहून जास्त घरं दसरा-दिवाळीला ऊस तोडायला पश्चिमेकडं जातात आणि गुढीपाडव्याच्या पुढंमागं परत येतात. त्यामुळं बहुतेक वर्ग भर उन्हाळ्यात. पंखे अर्थातच बंद, कारण वीज नसायची. सौरऊर्जेचं महत्त्व पटवायला मला वेगळे शब्द वापरावे लागले नाहीत.

त्या बावीस जणांतली तिघं आधी सांगतो. पहिले शिवलिंगअप्पा. कपाळावर भस्माचे पट्टे, वस्तीच्या तोंडाशी किराणा दुकान आणि पिठाची गिरणी. बिल थकून वीज तोडली की गिरणी बंद, आणि गिरणी बंद की अप्पांचं तोंड सुरू. त्यांना या प्रकल्पातून गिरणी चालवायची होती, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. मला ते आवडलं. मनातलं सांगणारा माणूस शिकवायला सोपा असतो.

दुसरा बब्रुवान. पूर्वी मुकादम होता, म्हणजे ऊसतोडीच्या टोळ्या जमवून कारखान्यावर नेणारा आणि कोण काम सोडून बसलं यावर नजर ठेवणारा. ते काम सोडून दोन वर्षं झाली होती. का सोडलं, ते विचारलं की म्हणायचा, "लई शिव्या खाल्ल्या सर, दोन्हीकडून. पोट भरलं."

आणि तिसऱ्या रुक्मिणबाई. चाळिशीच्या, सडपातळ, चौथीपर्यंत शिकलेल्या. सतरा हिवाळे नवऱ्याबरोबर उसाच्या फडावर काढलेले. वर्गात कधी पुढं बसल्या नाहीत. वही मात्र त्यांचीच सगळ्यात नेटकी. अक्षर मोठं, शाळेतल्या पाटीवर काढावं तसं.

पहिला धडा मी सावलीवर घेतो. प्लेटा बारा-पंधराच्या माळेत जोडलेल्या असतात. माळेतल्या एका प्लेटेवर सावली पडली की बाकीच्यांची वीजही खाली येते. मी हे सांगत असताना बब्रुवान म्हणाला, "म्हंजे गाडीला जुपलेल्या एका बैलानं बसकण मारली की दुसरा उभा असून उपेग न्हाई." मी तीस वर्षं हेच फळ्यावर बाण काढून शिकवत होतो. त्या दिवसापासून बाण बंद केले, बैल सुरू केले.

मग जागा शोधायची वेळ आली. गावातले एक मोठे शेतकरी, सगळे त्यांना तात्या म्हणतात, राजकारणात वजन असलेले. त्यांनी रस्त्याकडेचा आपला एक तुकडा फुकट देऊ केला. अट एवढीच, की तिथं त्यांच्या वडिलांच्या नावाची पाटी लागावी. मी, पुण्याहून आलेल्या संस्थेच्या मॅडम आणि आख्खा वर्ग, आम्ही मे महिन्यात जाऊन जागा पाहिली. सपाट, रस्त्याला लागून, विजेचा खांब पन्नास पावलांवर. दक्षिणेला एक बंद पडलेली जिनिंग, तिची कापसाच्या गोदामाची उंच भिंत. बाराच्या उन्हात आम्ही उभे होतो. सावली म्हणाल तर आपापल्या पायाखाली तेवढी. मॅडमनी फोटो काढले. मी वहीत लिहिलं, "जागा उत्तम."

दुसऱ्या दिवशी वर्गात मागून आवाज आला, "सर, ती जागा बरूबर न्हाई."

रुक्मिणबाई उभ्या होत्या.

"का हो?"

"त्या रानात हरभरा येत न्हाई."

वर्ग हसला. मीही हसलो, हे लिहायला आज जड जातं. म्हणालो, "बाई, आपल्याला हरभरा पेरायचा नाही."

"ते कळतंय मला. पर कावून येत न्हाई ते तर बघा. लगीन होऊन आले तवा दोन सालं त्याच रानात खुरपायला होते. पुसात दुपार झाली तरी पायाला दव लागायचं. ऊनच येत न्हाई तिथं. घाटे धरायचे न्हाईत. तात्यानं फुकट दिलंय ते काय उगीच का."

तात्यांचं नाव निघाल्याबरोबर वर्गातल्या माना वह्यांत गेल्या. मी घड्याळात पाहिलं. त्या दिवशी अर्ज भरायचा धडा होता, आणि मॅडमना संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला जायचं होतं. "आपण जागा मोजून घेतली आहे," असं म्हणून मी बाईंना बसवलं. त्या बसल्या. वही उघडून अर्ज उतरवून घेऊ लागल्या.

इथं थोडं थांबून माझी अक्कल काढतो. सूर्य उन्हाळ्यात आमच्या डोक्यावर असतो आणि हिवाळ्यात दक्षिणेला कलून खालून जातो. त्यामुळं दक्षिणेकडच्या भिंतीची सावली पौषात लांबच लांब पडते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. हे मीच शिकवत होतो. त्याच आठवड्यात, त्याच फळ्यावर. पण जागा पाहिली मे महिन्यात, आणि डोळ्यांना जे दिसलं ते मी खरं मानलं. शिकवणाऱ्याला स्वतःचा धडा ऐकू येत नाही, तो असा.

दसरा झाला. वस्तीवर ट्रक आले, भांडीकुंडी, कोंबड्या, माणसं चढली आणि गेली. बावीसातले तेरा जण त्यात होते. मागे म्हातारी माणसं, अप्पा, बब्रुवान, वर्गातले आणखी काही जण आणि मी राहिलो. प्रकल्पाला मंजुरी आली. पौषात एक दिवस ठेकेदाराचा फोन आला, खड्डे घ्यायचेत, आखणी करून द्या.

सकाळी दहाला पोहोचलो. ठेकेदाराची माणसं रानात न थांबता रस्त्यावर उभी होती. मी विचारलं, "इथं का थांबलात?"

"तिथं लई गार लागायलंय सर."

मी पुढं गेलो. जिनिंगच्या भिंतीची सावली निम्म्याहून जास्त रान झाकून पडली होती. माझे बूट दवानं ओले झाले. मी सावलीच्या कडेला जाऊन उभा राहिलो. माझी वाट न बघता दोन खड्डे घेऊनही झाले होते. मी म्हणालो, "काम थांबवा." ठेकेदार म्हणाला, "लेखी द्या." खिशातल्या कागदावर तिथंच लिहून दिलं.

मग रुक्मिणबाईंना फोन लावला. मागे कोयत्यांचे आवाज, कुणीतरी ओरडत होतं.

"रुक्मिणबाई, मी सर बोलतोय. तुमच्या हरभऱ्याच्या रानात उभा आहे."

पलीकडचा गोंगाट मागं पडला, त्या बाजूला गेल्या असाव्यात. मग म्हणाल्या, "पाय ओले झाले का?"

"झाले."

"मग बरडावर बघा. शाळेच्या मागं चढ हाय ना, तिथं. दगडाबिगर काही न्हाई, शेळ्या बसतेत. पर दिवस उगवल्यापसून मावळस्तोर ऊन. ठेवू का? मोळी बांधायची हाय."

बरडावर गेलो. बाईंचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. मुरमाड चढ, तोही दक्षिणेला तोंड करून, जसा प्लेटांसाठीच कुणी कलता करून ठेवलेला. पण ती जागा गायरानाची. म्हणजे ग्रामसभेचा नवा ठराव, सगळ्या घरांची नवी संमतिपत्रं. आणि अर्धी घरं तीनशे किलोमीटरवर. ठराव नंतर चालला असता, पण संमतिपत्रांची मुदत पाडव्याआधीच संपत होती. जागा बदलून संमतिपत्रं वेळेत गेली नाहीत तर प्रकल्प दुसऱ्या गावाला जाणार, असं मॅडमनी फोनवर सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आधी तात्यांकडं गेलो. पडवीत बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे आमचं रान वाईट?"

"रान चांगलं आहे तात्या. ऊन वाईट आहे."

"ते तुमाला मे महिन्यात दिसलं न्हाई?"

"रुक्मिणबाईंना दिसलं होतं. मी ऐकलं नाही. चूक माझी."

तात्यांनी पानाचा डबा बाजूला सारला. मग चहा मागवला. गावात चूक कबूल करणारा माणूस विरळा असतो, आणि बहुधा म्हणूनच त्याच्याशी कसं वागावं ते कुणाला माहीत नसतं. पुढं बरडावर जायची वाट तात्यांच्याच बांधावरून निघाली, ती त्यांनी दिली. वडिलांच्या नावाची पाटी त्या वाटेच्या तोंडाशी लागली. ती पाटी आमच्या प्रकल्पाच्या पाटीपेक्षा मोठी आहे. असू दे.

संमतिपत्रांचा प्रश्न बब्रुवाननं सोडवला. "टोळ्या कुठं उतरल्यात ते मला झोपेत विचारा," तो म्हणाला. त्यानं एक जीप ठरवली. त्यात मी, तो, आणि कसं कोण जाणे, अप्पाही बसले. गिरणीला कुलूप लावून आले होते. मी कारण विचारलं तर म्हणाले, "माझ्या माघारी काय ठरवताल, काय नेम."

दुसऱ्या दिवशी दुपारी फडावर पोहोचलो. उसाच्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे बैठ्या झोपड्या, ओळीनं उभ्या. ऊस न्यायचा ट्रक यायला उशीर होता, म्हणून टोळी बसून होती. हातापायांवर पाचटाचे ओरखडे, अंगावर पुरुषी शर्ट चढवलेल्या बाया, डोक्याला फडकी. माझे तेरा विद्यार्थी त्यांच्यातून उठून आले. रुक्मिणबाईंनी हात पुसत विचारलं, "काकू बऱ्या हायेत का?" काकू म्हणजे माझी बायको. वर्गातल्या गोष्टीचा विषयही त्यांनी काढला नाही.

मीच काढला. सगळ्यांच्या देखत सांगितलं, की बाई बरोबर होत्या आणि मी हसलो होतो. बाई खाली बघून पाचटाची काडी मोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं, ते झालं. कागद काढा."

कागद काढले आणि भांडण निघालं. जागेवरून नाही, वाट्यावरून. अप्पांनीच सुरुवात केली.

"एक बोलू का? सहा महिने तुमी घरी नसता. कुलपाला वीज कशाला पायजे? जे गावात राहतेत त्यांना जास्ती वाटा द्या."

एक जण उसळून उठला. "गिरणीला म्हना की सरळ."

"गिरणीला म्हनतो. मग? तुमच्याच म्हाताऱ्या दळण घेऊन येतेत."

"जागा गायरानाची हाय, तुमच्या बापाची न्हाई."

दोघं-तिघं उभे राहिले. बब्रुवाननं दोन्ही हात पसरले, "बसा रे खाली. ट्रक आला की उठायचंच हाय." मी मध्ये पडणार होतो. वाट्याचे तीन नमुने मी छापून आणले होते, रंगीत. ते पिशवीतून काढेपर्यंत रुक्मिणबाई बोलायला लागल्या होत्या.

"अप्पाचं खोटं न्हाई. आमी न्हाई तवा आमचा वाटा वाया जातोय. पर वाटा सोडायचा न्हाई. आमी न्हाई तवा तो पाण्याच्या मोटारीला द्या. बिल थकलंय म्हनून वस्तीवर टाकीत पाणी चढत न्हाई, आमची सासू हातपंपावर जातीया, गुडघे धरून. मोटार चालून उरंल ते गिरणीला घ्या. पाडव्याला आमी आलो की आमचा वाटा आमच्या घरी. उन्हाळ्यात पंखे आमचे."

उभे राहिलेले खाली बसले. अप्पांनी मनातल्या मनात काहीतरी मांडलं. "उरंल का पर?"

"सरांला विचारा. मोटार किती खाती ते त्यांनी शिकवलंय."

मी गणित केलं. पाचटावर बसून, गुडघ्यावर कागद ठेवून. उरत होतं. गिरणी दिवसातून चार-पाच तास चालेल एवढं. अप्पा म्हणाले, "चालतंय." माझे रंगीत नमुने पिशवीतच राहिले. ट्रक येईपर्यंत सगळ्या संमतिपत्रांवर सह्या आणि अंगठे झाले. तिथल्या तिथं मी एक तास वर्गही घेतला, मीटर कसं वाचायचं यावर. हजेरीपटावर तारीख घातली आणि स्थळाच्या रकान्यात लिहिलं, "उसाचा फड."

पाडव्यानंतर लोक परतले, ग्रामसभा झाली, अध्यक्ष तात्या. ठराव एकमतानं. पावसाळ्याआधी प्लेटा लागल्या. शेळ्यांना बरडाचा अर्धा भाग राहिला. प्लेटांखालची सावली त्यांना इतकी आवडली की कुंपण घालावं लागलं.

खरी अडचण त्यानंतर आली. देखभालीला एक माणूस लागतो. प्लेटा धुवायच्या, रोजची नोंद घ्यायची, बिघाड कळवायचा. त्याला दरमहा मानधन. आणि अट अशी, की त्याच्याकडं आमच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र हवं. वस्तीनं रुक्मिणबाईंचं नाव घेतलं. मॅडमनी हजेरी तपासली. हिवाळ्यात ठेवलेले शेवटचे वर्ग ऊसतोडीमुळं बाईंचे बुडाले होते, एक सोडून.

"हे स्थळ काय आहे?" मॅडमनी पटावर बोट ठेवलं. "उसाचा फड. हे केंद्र मंजूर यादीत नाही, सर."

मी म्हणालो, "मॅडम, आमच्या भागातली माणसं हिवाळ्यात तिथंच असतात. वर्ग तिथं घेतला नाही तर कुठं घ्यायचा?"

त्यांनी पटाची पानं मागं-पुढं केली. मग विचारलं, "त्या दिवशी काय शिकवलंत?"

"मीटर वाचायला. आणि मी शिकलो वाटे कसे पाडायचे ते."

मॅडमनी सही केली. एवढंच नाही, पुढच्या तुकडीचे तीन वर्ग फडावर घ्यायची मंजुरीही पाठवली. बाकी बारा जणांचीही प्रमाणपत्रं त्यात निघाली. त्यातले फक्त दोघं आज या कामात आहेत, बाकीचे ऊसच तोडतात. एका प्रकल्पाला एकच माणूस लागतो, हे मी बावीस जणांना शिकवताना कुणी मोजलं नव्हतं. मीही नाही. त्याची रुखरुख आहे.

बाईंना मानधन मिळालं तरी घरात प्रश्न होताच. ऊसतोडीत कोयता म्हणजे जोडी, नवरा आणि बायको. एक राहिला की दुसऱ्यालाही काम नाही. नवरा, विष्णुपंत, आठ दिवस बोलले नाहीत. शेवटी अप्पांनी त्यांना गिरणीवर घेतलं. तिथंही त्यांचं अप्पांशी पटत नाही. ते वेगळं प्रकरण आहे. पण त्या वर्षी ट्रक गेला तेव्हा ती दोघं घरी होती.

संक्रांतीच्या आधी फोन आला. "सर, काकूंना घेऊन हळदीकुंकवाला या. अठरा सालांनी संक्रांत घरी हाय."

दुपारी गेलो. बरडावर मीटरच्या खोलीपुढं सतरंजी अंथरली होती. वस्तीवर उरलेल्या सगळ्या म्हाताऱ्या आलेल्या. विधवा कोण, सवाष्ण कोण, असलं काही रुक्मिणबाईंनी पाहिलं नाही, सरसकट तिळगूळ आणि हळदकुंकू. काहींनी कपाळ मागं घेतलं, मग पुढं केलं. प्रत्येकीला लावताना बाई तिच्या सुनेला फडावर फोन लावायच्या आणि चित्र दाखवायच्या. पलीकडून उसाच्या गर्दीत एक चेहरा हलायचा, "आत्याबाई, तिळगूळ घ्या." कुणाला आवाज येत नव्हता, कुणाला चित्र. माझ्या बायकोनं पदर डोळ्यांना लावला आणि धूळ गेली म्हणाली.

कोपऱ्यात बसलेली एक म्हातारी फोनकडं बघायलाच तयार नव्हती. रुक्मिणबाई म्हणाल्या, "मावशे, बघ की, तुजी सून हाय, बोल." म्हातारीनं तोंड फिरवलं. तिळगूळ तोंडात तसाच ठेवून म्हणाली,

"तिला म्हणावं, फोन ठेव. मुकादम बघत आसंल."